चाकांची उतरंड

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत एक अर्ज सह्यांसाठी फिरत होता. ‘फाटकालगतचा बसथांबा वाहतुकीस अडथळा ठरत असून सकाळच्या वेळी सभासदांना गाडी बाहेर काढणे अवघड होते, तरी तो अन्यत्र हलवण्यात यावा.’ भाषा शुद्ध, छपाई सुबक. माझ्या दारी आला तेव्हा त्यावर एकोणतीस सह्या झाल्या होत्या. त्यांत एक निवृत्त प्राध्यापक होते, दोन डॉक्टर होते, आणि दर पर्यावरणदिनाला आवारात रोप लावून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवणारे एक गृहस्थही होते.

फाटकाच्या दोन्ही अंगांना आमच्याच सभासदांच्या अकरा गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. अर्जात त्यांचा उल्लेख नव्हता. बस थांब्यावर किती वेळ थांबते, हे मी तीन दिवस सकाळी घड्याळ घेऊन पाहिले. पंधरा-वीस सेकंद, फार तर अर्धा मिनिट. गाड्या रात्रंदिवस. अडथळा कोणाचा, हे ठरवायला न्यायाधीश लागू नये. पण अर्ज बसविरुद्ध झाला. बसमधून उतरणाऱ्या बायकांना अर्ज करायला सवड नसते. त्यांना सात वाजता आमच्याच स्वयंपाकघरांत पोहोचायचे असते.

पुण्यात हल्ली दोन माणसे भेटली की हवापाण्याच्या आधी ट्रॅफिक निघते. टॉमटॉम या कंपनीने २०२४ सालच्या वाहतुकीचा जगभरचा ताळा मांडला, त्यात संथपणात पुणे चौथे आले. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. ज्या सायकली या गावाने भंगारात घातल्या, त्यांच्याहून हा वेग फार नाही. ही बातमी आपण गंभीर चेहऱ्याने वाचली. पुष्कळांनी तर सिग्नलला अडकलेल्या गाडीत बसूनच वाचली. मग आरोपींची यादी निघाली. रस्ते अरुंद आहेत. मेट्रोने खोदून ठेवले आहे. बाहेरचे लोक आले. फेरीवाले, रिक्षावाले, आणि पावत्या फाडायला झाडाआड उभे राहणारे मामा. यादीतले एकही नाव सर्वस्वी खोटे नाही. फक्त त्या अर्जासारखीच तीही अपुरी आहे: अकरा गाड्या तिच्यात नाहीत.

हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. बस बारा मीटर लांब, आत पन्नास माणसे. हीच पन्नास माणसे मोटारीने निघाली आणि एकेका मोटारीत दोघे बसले असे उदार मनाने धरले (प्रत्यक्षात एक असतो, आणि शेजारच्या सीटवर त्याची बॅग), तर मोटारी झाल्या पंचवीस. पुढच्या-मागच्या फटीसह एकीला सहा मीटर. दीडशे मीटरची रांग. म्हणजे एका बसची माणसे अख्खी गल्ली अडवून बसली. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात नेमके हेच तत्त्व लिहिले आहे की रस्त्याची जागा माणसांचा विचार करून वाटावी, वाहनांचा नव्हे. बसचा सरकारी मापदंड हजार माणसांमागे ०.६, म्हणजे लाखामागे साठ. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ लाख माणसे धरली तरी ३,६०० बस हव्यात. इथल्या बससेवेचा, पीएमपीचा, ताफा गेली कित्येक वर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे. त्यासाठी कोणत्या नगरसेवकाच्या दारावर मोर्चा गेल्याचे तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही. उड्डाणपूल मात्र आपण मागतो, आणि मागितला की मिळतो.

आता उभ्या गाडीचा हिशेब. उघड्या जागेत एक मोटार उभी करायला, ती वळवायच्या जागेसकट, नियोजनकार २३ चौरस मीटर धरतात. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला घर म्हणून आधी २२५ चौरस फूट मिळत. ते चौरस मीटरमध्ये भरते सुमारे २१. पुढे २६९ फूट झाले, मग ३००. जास्तीत जास्त मिळाले तेव्हाही २८ चौरस मीटर पुरते भरले नाहीत. म्हणजे पाच माणसांनी जन्मभर राहायची जागा आणि एका मोटारीने झोपायची जागा यांत या राज्याने जवळजवळ फरक केला नाही. फरक आहे तो दुसरीकडे. त्या कुटुंबाला पात्रता सिद्ध करावी लागते. फुकट घरासाठी १ जानेवारी २००० च्या आधीपासून इथे राहतो याचा कागद दाखवावा लागतो, रेशनकार्डे आणि विजेची बिले घेऊन खेटे घालावे लागतात. नाही जमले तर अतिक्रमण म्हणून पसारा रस्त्यावर. मोटारीला कागद कोणी विचारत नाही. ती काल आली, आज सार्वजनिक जमिनीवर फुकट झोपली, आणि तिला अतिक्रमण म्हणण्याचे धाडस कोणाला होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा प्रश्न छेडला होता. जागा नसताना एकेका घराला चार-चार, पाच-पाच गाड्या का घेऊ द्यायच्या? जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे: आधी गाडी ठेवायच्या जागेचा दाखला, मग गाडी. आपल्या परिवहनमंत्र्यांनीही २०२५ मध्ये तशी घोषणा केली, आणि लगेच सगळीकडे एकच हाकाटी झाली की हा मध्यमवर्गावर अन्याय आहे. अन्याय हा शब्द आपण किती स्वस्त केला आहे पाहा. गाडी ठेवायला आपली जागा आपण करावी, हा अन्याय!

‘सार्वजनिक’ हा शब्द पुण्याइतका दुसऱ्या गावाने मिरवला नसेल. सार्वजनिक सभा १८७० ची. सार्वजनिक सत्यधर्म इथलाच, सार्वजनिक गणेशोत्सव इथलाच. त्याहीआधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. खासगी पाणी सार्वजनिक केले. त्याच गावात आज आपण उलटा उद्योग चालवला आहे. सार्वजनिक रस्ता घराघराने खासगी करतो आहोत. दारासमोरची जागा अडवायला कुंड्या, पिंपे, सिमेंट भरलेले डबे, ‘गेटसमोर गाडी लावू नये, हवा काढली जाईल’ अशी पाटी. आपली गाडी निघाली की त्या जागी मोडकी खुर्ची राखणदार.

जातीची उपमा मी जपून वापरतो. जातीने माणसांचे जे केले ते कोणत्याही सिग्नलने केलेले नाही, आणि गाडी माणसाला सोडता येते. तरीपण उतरंडीची रीत तीच आहे. सर्वांत वर मोटार. त्यातही जितकी उंच आणि काळ्या काचांची, तितकी सोवळी. तिच्याखाली दुचाकी, मग रिक्षा, मग बस, मग सायकल, आणि तळाला पायी चालणारा. वरच्याने खालच्याच्या अंगावर हॉर्न वाजवायचा. खालच्याने वरच्याला वाट द्यायची. झेब्रा क्रॉसिंगवर पांढरे पट्टे आहेत, पण त्यावर पाय ठेवणाऱ्या म्हातारीच्या चेहऱ्यावर मी अपराधीपणा पाहिला आहे. गाड्या थांबत नाहीत, ती हात जोडल्यासारखे करत, अर्धी धावत जाते. स्वतःच्या गावच्या रस्त्यावर हात जोडून जाण्याची सवय या बाईला कोणी लावली?

कागदावर सगळे आहे. पुणे महापालिकेचे पादचारी धोरण २०१६ चे आहे. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच करून ठेवला होता. अस्पृश्यांना तिथले ओंजळभर पाणी प्यायला मात्र १९२७ चा २० मार्च उजाडावा लागला, आणि प्यायलेल्यांना मार खावा लागला. ठराव करून गप्प बसायची आपली सवय जुनी आहे. लक्ष्मी रस्ता २०२१ पासून दर वर्षी ११ डिसेंबरला वाहनांना बंद ठेवतात आणि त्याला पादचारी दिन म्हणतात. उरलेले ३६४ दिवस कोणाचे, हे त्या नावातच कबूल करून टाकले आहे.

चौकात या. कोंडी होते कशी, हे उभे राहून पाहण्याजोगे आहे. समोरचा रस्ता तुंबलेला दिसत असतो. आपला सिग्नल हिरवा आहे म्हणून आपण चौकाच्या मध्यात जाऊन उभे राहतो. तेवढ्यात लाल होतो. आडव्या बाजूला हिरवा मिळतो, पण त्यांच्या वाटेत आपण. त्यांचे तीस सेकंद वाया. ते चिडून, फट दिसेल तिथे घुसतात आणि पुढच्या फेरीत आपल्या बाजूच्या लोकांना अडवतात. चार फेऱ्यांत चौकाची गाठ बसते आणि ती गाठ मागे सरकत सरकत आधीच्या चौकापर्यंत जाते. नरसाळ्यात तांदूळ सावकाश सोडले तर सगळे खाली जातात, भसकन ओतले तर तोंडाशीच अडतात. घरातल्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे. मध्यात घुसलेल्याला स्वतःचा जेमतेम एक गाडीभर फायदा झालेला असतो, आणि त्यासाठी त्याने दोनशे लोकांची पाच-पाच मिनिटे खाल्लेली असतात. अडाणीपणा म्हणून हे माफ करता येत नाही. हा माणूस बँकेत रांगेत उभा राहतो, विमानतळावर पिवळ्या रेघेमागे थांबतो, परदेशात लेकाकडे गेला की मोकळ्या रस्त्यावरही सिग्नल पाळतो आणि परत आल्यावर तिकडच्या शिस्तीचे गुणगान करतो. त्याला सगळे येते. इथे त्याला कोणाची लाज वाटत नाही, एवढेच.

त्या गाठीत एखादी रुग्णवाहिका भोंगा वाजवत अडकते. तिला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांचा दंड आहे. पण बहुतेकांना वाट द्यायची असते. सरकायला जागाच उरलेली नसते. ती जागा आपण आधीच, थोडी थोडी करून, एकमेकांची खाऊन टाकलेली असते. दंडाचे म्हणाल, तर ई-चलन आले की लोकअदालतीत सवलत जाहीर होईपर्यंत थांबायचे, हे ज्ञान या सुशिक्षित शहरात घरोघरी पोहोचले आहे. स्वतःच्या डोक्याचे हाड वाचवणाऱ्या हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध समित्या काढणारे गाव आहे हे. दुसऱ्याच्या वेळेची काय पत्रास.

गणपतीच्या मांडवांना नावे ठेवणे सोपे आहे आणि त्यात मीही कमी पडलेलो नाही. पण मांडव दहा दिवसांचा असतो म्हणून दिसतो. वर्षभर त्याच जागी उभी असलेली गाडी डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहे की ती आता रस्त्याचाच भाग वाटते. मांडव निघतो, गाडी फक्त दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेते.

नदीलाही आपण सोडले नाही. मुठेच्या पात्रात रस्ता केला, गाड्या लावल्या. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, पात्रातल्या गाड्या तरंगतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण पाटबंधारे खात्याला विचारतो की आधी कळवले का नाही. नदी नदीतून गेली, एवढाच तिचा गुन्हा.

उपाय म्हणून आपण पूल बांधतो. गणेशखिंडीत विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकला. २०२० मध्ये पाडला, कारण त्याच जागी मेट्रो आणि नवा पूल हवा होता. पुलाचे आयुष्य माणसाच्या कर्जाच्या हप्त्यांपेक्षा कमी! चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुरुंग लावून उडवला तेव्हा लोक ते पाहायला जमले होते. मुंबईने नव्वदीच्या दशकाअखेरपासून पन्नासावर उड्डाणपूल उभारले, पुढे सागरी सेतू केला, किनारी रस्ता केला. अंधेरीहून संध्याकाळी निघणाऱ्याला विचारा काय फरक पडला. हे कोडे नवे नाही. अमेरिकेत अँथनी डाउन्सने १९६२ मध्येच लिहून ठेवले की गर्दीच्या वेळचा रस्ता रुंद केला की तो पुन्हा भरेपर्यंत गाड्या येतच राहतात. जो आधी लवकर निघत होता तो वेळ बदलतो, जो बसने जात होता तो गाडी काढतो, जो जवळ राहत होता तो लांब स्वस्त घर घेतो. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर यांनी तिथल्या शहरांचे आकडे काढून दाखवले की रस्ता जितक्या पटीने वाढतो, साधारण तितक्याच पटीने त्यावरचे गाड्यांचे धावणे वाढते. पट्टा सैल केल्याने पोट कमी होत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीने फुकट सांगितले असते.

आणि जिथे खरा उपाय झाला, तिथे आपण काय केले? देशातला पहिला बीआरटी मार्ग २००६ च्या डिसेंबरात पुण्यात झाला: कात्रज, स्वारगेट, हडपसर. बससाठी राखीव पट्टा. त्याची आखणी कच्ची होती, स्थानके रस्त्याच्या मधोमध आणि तिथवर पोहोचायला धड वाट नाही, हे मान्यच केले पाहिजे. इंजिनिअरांनी ते कसेबसे उरकले. पण पहिल्याच महिन्यापासून त्या पट्ट्यात दुचाक्या घुसल्या, मोटारी घुसल्या, आणि रखवालदाराने हात केला तर ‘ओळखतोस का मला?’ पुढे नगर रस्त्यावर दुसरी पिढी झाली. तिथे तक्रार अशी होती की बसचा पट्टा रिकामा दिसतो आणि शेजारी आम्ही तुंबतो. रिकामा दिसणारच, पन्नास माणसे पंधरा सेकंदांत निघून गेलेली असतात. पुढाऱ्यांनी ही तक्रार मनावर घेतली आणि २०२३ मध्ये त्या मार्गाचा मोठा तुकडा उखडला. कोंडी फोडण्याचा उपाय म्हणून. फुटली का, ते तिथून रोज जाणाऱ्यांनी सांगावे. बसमधल्या पन्नासांची बाजू मांडायला त्यांच्यातले कोणी उभे राहिले नाही, कारण त्यांच्यातले कोणी बसने येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. ‘बस वेळेवर येत नाही, रात्री मिळत नाही, म्हणून तर गाडी घेतली.’ खरे आहे. विशेषतः बायकांच्या बाबतीत. तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून कामाला निघालेल्या पुण्याच्या मुलीने नवऱ्याच्या, भावाच्या, बापाच्या सोडण्या-आणण्यातून स्वतःला मोकळे केले. त्या स्कूटीवर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. हिंजवडीत हजारो नोकऱ्या आधी उभ्या केल्या आणि तिथे जायच्या वाटेचा विचार मागाहून केला, त्या धोरणाचा दोषही नोकरदाराच्या माथी मारता येणार नाही. पण ज्याच्या घराला मेट्रोचे स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे, ज्याच्या घरात तीन माणसे आणि तीन गाड्या आहेत, ज्याचा मुलगा अर्ध्या किलोमीटरवरच्या शाळेत मोटारीने जातो आणि त्या शाळेच्या फाटकाशी रोज दुपारी चौक तुंबवतो, त्याने त्या स्कूटीच्या पदराआड लपू नये. बस वाईट आहे म्हणून आपण गाडी घेतली. आणि आपण गाडी घेतली म्हणून बस वाईटच राहिली. ज्याचा आवाज ऐकला जातो तोच वर्ग बसमधून उतरला, तेव्हा बसचा वाली कोण उरणार?

पैशाचा प्रश्न काढला की मात्र आपल्या तोंडचे पाणी पळते. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यात गर्दीच्या वेळी शिरायला पैसे लावले. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये लावले. स्टॉकहोममध्ये २००६ साली आधी करून पाहिले; नाक्यांवरून जाणाऱ्या गाड्या सुमारे वीस टक्क्यांनी घटल्या, सुरुवातीला ओरडणारे लोकच पुढे अनुकूल झाले आणि कर कायम झाला. आपल्याकडे एवढे दूर कशाला जायचे, साधे रस्त्यावर गाडी उभी करायचे भाडे घ्या. पुणे महापालिकेत २०१८ मध्ये तसे धोरण आले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्याविरुद्ध एकत्र आले. दर कापले, व्याप्ती कापली, शेवटी पाच रस्त्यांवर प्रयोग करू असे ठरले, आणि तो प्रयोगही झाला नाही. त्याच वर्षी बातमी होती की पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेली. भाजी विकणाऱ्या बाईकडून महापालिका जागेचे पैसे घेते, पावती देते, आणि तिची पाटी दोन फूट पुढे आली तर उचलून नेते. तिच्या शेजारी उभी असलेली वीस लाखांची गाडी फुकट. या शहरात दान नेमके कोणाला मिळते, त्याचा हा पुरावा भर बाजारात उभा आहे, आणि तो पाहून कोणाला काही वाटत नाही.

माझे स्वतःचे सांगतो. फाटकाबाहेरच्या अकरा गाड्यांतली एक, दोन वर्षे, माझी होती. त्या अर्जानंतर ती विकली. त्यात थोरवी काही नाही. वय झाले होते, डोळ्यांना रात्री दिवे झोंबत होते. अर्जावर मी सही केली नाही, तेव्हा प्राध्यापक म्हणाले, ‘तुम्ही फार तात्त्विक घेता हो.’

तीस सह्या पूर्ण व्हायला अडचण आली नाही. चार महिन्यांनी थांबा उचलून पुढे, नाल्याच्या पलीकडे नेला. तिथे छप्पर नाही आणि फुटपाथही नाही. जुन्या थांब्याची जागा आठवडाभर मोकळी होती; मग तिथे आच्छादन घातलेली एक पांढरी गाडी आली, ती अजून आहे. सकाळी गाडी बाहेर काढणे पूर्वीइतकेच अवघड आहे.

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश आला, त्यावर सतरा जणांचे अंगठे होते: ‘हल्ली सगळ्यांकडच्याच मावशी पंधरा मिनिटे उशिरा येऊ लागल्या आहेत. पुढच्या सभेत यावर चर्चा व्हावी.’